छोट्या सुट्टीचं पाणी

माझ्या लेकीची मूत्रपिंडं अधू आहेत, म्हणून तिचं दिवसाचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलंय. वाटणी मी करते. आज पाहिलं, तिने सकाळची गोळी जेमतेम अर्ध्या घोटात गिळली आणि उरलेलं पाणी शाळेच्या बाटलीत ओतलं.

"अगं, घशात अडकेल."

"छोट्या सुट्टीत सगळ्या पाणी पितात, आई. मी काय नुसती बघत बसू?"

औषधं, जेवण, झोप, सगळं माझ्या वाटणीत होतं, मैत्रिणी नव्हत्या. उद्यापासून गोळी पोह्यांच्या घासाबरोबर द्यायची आणि गोळीचं पाणी बाटलीत भरायचं, असं मी ठरवलं.

संध्याकाळी बाटली रिकामी आली.

"सगळं प्यायलीस?"

"एक घोट रियाला दिला. तिची बाटली घरी राहिली होती."

मी बाटली विसळून पालथी घातली.