उताराकडे पाठ

माझ्या नवऱ्याचं नाव मी आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. आता या वयात ते लिहायचं म्हटलं तर जिभेबरोबर हातही अडतो. तेव्हा मी आपली 'हे' एवढ्यावरच भागवते. आमच्या घरात 'हे' म्हणजे कोण, अशी शंका कधी कोणाला आली नाही, तुम्हालाही येणार नाही.

आमचं गाव सोनाळ्याच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर गावाच्या वरच्या टोकाला, आणि दारातून निघालेली गल्ली खाली मारुतीच्या पारापर्यंत उतरत गेलेली. उतार असा की पावसाळ्यात घागर हातातून सुटली तर ती थेट चिंचेच्या वळणाशी जाऊन थांबायची. त्यात सगळीकडे गोटे. मी खामगावची, सपाटीवर वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा त्या उतारावर मी इतकी जपून चालायची की नणंद मला म्हणायची, "वयनी, रस्ता पळून नाही जात."

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा हे कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन खामगावला निघाले. बंडी शिगोशीग भरलेली आणि हे वर कापसावर बसलेले. नाल्यात एका बाजूचं चाक कचकन खाली गेलं आणि हे तेवढ्या उंचीवरून पाठीवर पडले. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. त्यानंतर त्यांचं जग म्हणजे एक बाज आणि बाजेवरून दिसणारा कडुनिंब. कुठं न्यायचं तर दोघांनी काखेत धरून उचलायचं. पहिल्या पहिल्यांदा नेलं. मग एकदा पारावर कोणीतरी गमतीनं, "आलं का लेकरू," असं म्हटलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी दाराबाहेर जाणं सोडलं. माणूस रागावतो, ओरडतो, ते परवडतं. हे नुसते गप्प झाले, आणि मला ते सोसत नव्हतं.

खुर्ची मिळाली ती माझ्या वडिलांमुळं. खामगावात त्यांचा भाजीपाला ज्या घरी जायचा, त्यातलं एक घर वकिलांचं. वकील बरीच वर्षं आजारी होते. त्यांनी चाकांची खुर्ची नागपूरहून मागवली होती. नागपूर तेव्हा आमची राजधानी, मोठी वस्तू म्हटली की तिकडूनच यायची. वकील गेले. त्यांच्या बाईंना माझ्या घरची हकिगत कळली तेव्हा त्यांनी वडिलांना निरोप दिला, 'मुलीला पाठवा आणि खुर्ची घेऊन जा. पण मुलीलाच पाठवा.'

मी गेले. सागवानी खुर्ची, वेताची बैठक, मागं दोन मोठी चाकं, पुढं दोन छोटी, पाय ठेवायला फळी, आणि चाक अडवायला लोखंडी खटका. मी हात लावायला पुढं झाले तशा बाई म्हणाल्या, "आधी बस."

"मी?"

"तूच. ज्याला बसायचं त्याला काय होतं, ते ढकलणारीला कळलं पाहिजे."

मी बसले. त्यांच्या मागच्या अंगणात पायऱ्यांशेजारी वकिलांसाठी केलेली फरशीची उतरण होती. बाईंनी मला तोंड पुढं करून तिच्यावरून खाली नेलं, थोडंच. अंग आपोआप पुढं सरकायला लागलं, आणि पायांनी जोर दिला म्हणून मी सावरले.

"पाय होते म्हणून थांबलीस," बाई म्हणाल्या. "त्यांना पाय नाहीत. म्हणून उतार आला की खुर्ची फिरवायची. आपण खालच्या अंगाला, पाठ उताराकडे, आणि खुर्ची आपल्या अंगावर घेत मागं मागं उतरायचं. मग तो माणूस पाठीला टेकून राहतो, पडत नाही."

बाकीचंही त्यांनी तसंच सांगितलं, एकेक करून दाखवत. बसताना आणि उठताना खटका आधी. उचलायची तर खालच्या चौकटीला धरून, हातांना नाही, हात निखळतात. आणि बैलगाडीत न्यायचं झालं तर माणूस वेगळा, खुर्ची वेगळी. खुर्चीत बसवून गाडीत चढवायचं नाही, कोणी कितीही मानानं सांगितलं तरी. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मागच्या दांडीवरून एकदा हात फिरवला आणि त्या आत निघून गेल्या. खुर्ची दारातून निघाली तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

वडिलांनी बंडीत कुटार, म्हणजे भुसा, पसरून खुर्ची चाकं वर करून ठेवली, म्हणजे ती पळणार नाही, आणि चौकटीला दोर आवळले. पूर्णा ओलांडली, रस्ता लागला, तरी त्यांचं समाधान होईना. सारखे मागं वळून बघायचे. "उलटी बाज अन् उलटी खुर्ची सारखीच," ते म्हणाले. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याची बाज उलटी करतात. "लोक म्हणतीन, यायच्या घरी काय झालं?" शेवटी गाव दिसायला लागल्यावर त्यांनी बंडी थांबवली, खुर्ची सुलटी केली, आणि उरलेली वाट स्वतः तिला धरून बसले. माझे वडील असे होते. जावयाच्या दारात उलटी वस्तू न्यायची नाही म्हणजे नाही.

ह्यांनी खुर्ची बघितली आणि तोंड फिरवलं. दोन-चार दिवस ती ओट्यावर नुसती उभी राहिली. मग एका दुपारी मी कणीक मळत होते तेव्हा आतून आवाज आला, "अवं, तो खटका कसा लागते म्हणतं तू?"

अंगणात फिरायला लागलो आम्ही. खटका लावला की तो चाकावर घासून करकरायचा. माझे दीर बैलगाडीतले जाणते. करकर ऐकली की त्यांचा हात वंगणाच्या नळकांड्याकडे जायचा. एक दिवस आम्हाला न विचारता त्यांनी खटक्याला आणि चाकाच्या रबराला असं काही वंगण चोपडलं की आवाज साफ बंद झाला. संध्याकाळी मी खटका लावून पाणी आणायला वळले, आणि खुर्ची ह्यांना घेऊन अंगणभर घरंगळत थेट गोठ्यात गेली. गाईनं मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं. मी धावले, दीर धावले, आणि हे हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. इतक्या दिवसांनी मी तो आवाज ऐकला आणि मला रागवायचं सुचेचना. चाक मात्र मी राखेनं घासून काढलं, आणि दिरांना बजावलं की ह्या गाडीला करकरू द्या.

वैशाखात नणंदेचं लग्न ठरलं. सासरे फार पूर्वी वारलेले, म्हणून मुलीच्या बापाचं काम मोठ्या भावानं करायचं. वरात आली की मारुतीच्या पारावर जाऊन नवरदेवाचे पाय धुवायचे, त्याला पुजायचं आणि गावात आणायचं. भाऊ पाय धुतो, त्याची बायको पाणी घालते. म्हणजे हे आणि मी. पण काकासासरे म्हणाले, पूजा आपण करू. वाईट मनानं नाही म्हणाले. पुतण्याला चारचौघांत अवघडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं.

नणंद कोणाला घाबरणारी नव्हती. "दादा असून काका काऊन?" तिनं सरळ विचारलं. "दादानं नवरदेव आणला त मी मांडवात मान वर करून पाहीन. नाही त खाली पाह्यत बसीन."

"मंग उचलून नेऊ त्याले," काका म्हणाले.

"उचलून नाही," हे म्हणाले. "मी आलो त चाकावर येईन. नाही त घरीच बरा."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की हे आता नाही गेले तर पुन्हा कधीच जाणार नाहीत. खुर्ची ओट्यावर राहील, हे बाजेवर राहतील, आणि मी त्या दोघांच्या मधून केर काढत राहीन.

उताराचं मी काकांना समजावलं. मग तर अजूनच बिनसलं. "नवरदेवाच्या मोहरं पाठ करून जाचं? अन् बाईनं नवऱ्याच्या खालून, फुडून चालाचं? वरातीतले लोक काय म्हणतीन, सूनबाई?" बाईच्या हाती खुर्ची द्यायलाही ते तयार नव्हते. म्हणाले, मी नेतो, तोंड पुढं करून नेतो, त्यात काय आहे. आदल्या सकाळी त्यांनी ती रंगीत तालीम केलीच. दीर पुढं, काका मागं. थोडं अंतर नीट गेलं. मग पुढचं छोटं चाक एका गोट्याला अडलं, खुर्ची जागच्या जागी थांबली आणि हे थांबले नाहीत. दिरांनी त्यांना छातीवर झेललं. लागलं काही नाही. काका मात्र तिथंच गल्लीत खाली बसले. त्यांनी पुतण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "तूच ने, सूनबाई. जसं तुले शिकवलं तसं ने. चिंचेच्या वळणावर उतार सरते, तिथं सुलटी करजो, म्हणजे पारावरून तोंडच दिसीन."

राहता राहिला प्रश्न गोट्यांचा. मी मागं मागं उतरणार, मला खालचं काही दिसणार नाही. ह्यांनाही नाही, त्यांचं तोंड वर घराकडे. सासूबाई एवढा वेळ दाराशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी सांगतो ना वरून. मले दिसते."

त्या विधवा. पूजेला जाणाऱ्या मंडळींत त्यांना जागा नव्हती, तेव्हा नसायचीच. सगळे वाजतगाजत खाली जाणार आणि त्या घरी थांबणार, हे इतकं धरून चाललेलं होतं की त्याबद्दल कोणी बोललंही नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वाजंत्री पुढं निघाली. मी नवं लुगडं घट्ट खोचलं, पायात काही घातलं नाही, आणि खुर्ची फिरवून, मान खाली घालून तिचा भार अंगावर घेतला. हे फेटा बांधून बसलेले. पहिल्यांदा सासूबाईंचा आवाज येत होता, "उजव्या हाताले घे पोरी, गोटा हाये. हाव, आता सरळ." मग वाजंत्रीचा कल्ला वाढला आणि आवाज ऐकू येईना. मी घाबरून थांबले.

"थांबू नको," हे म्हणाले. "माय हात करून राह्यली. डावीकडं घे थोडं. अजून. बस."

आम्ही तसेच उतरलो. वर दारात सासूबाई हात हलवायच्या, ते बघून हे मला सांगायचे, आणि माझे पाय तसे पडायचे. आमची सगळी मंडळी पारावरच्या नवरदेवाकडे तोंड करून चाललेली. आमचीच पाठ तिकडे होती.

चिंचेच्या वळणाशी आलो. मी खुर्ची फिरवायला लागले तर हे म्हणाले, "खटका लाव. थांब जरा." त्यांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं घरच्या देवाला जोडले. मी वर बघितलं. गल्लीच्या टोकाला, ओट्याच्या अगदी कडेला येऊन सासूबाई उभ्या होत्या. एकट्या. आता सांगायला गोटा नव्हता, तरी त्यांचा हात वरच होता. मी डोळ्याला पदर लावला. मग खटका सोडला, खुर्ची सुलटी केली, आणि वळणापलीकडे हे नवरदेवासमोर तोंड करून गेले.

पार नेमका खुर्चीच्या उंचीचा निघाला. नवरदेव कडेवर बसला, ह्यांनी त्याचे पाय धुतले, मी पाणी घातलं. कोणी काही बोललं नाही. घरी नणंदेनं मांडवात भावाकडे मान वर करून बघितलं, आणि काकांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

पाहुणे पांगल्यावर संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. मी जवळून जात होते. मला थांबवून म्हणाले, "आपल्या लग्नात मी असाच ह्या गल्लीनं निंगालो. घोड्यावर. फुडं पाह्यत गेलो. माय मागं दारात उभी हाये, हे मले तवा माईतच नव्हतं." मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले, घरच्या सगळ्यांच्या देखत.

पुढं तो उतार आम्ही अनेक वर्षं उतरलो. बाजाराला, कीर्तनाला, कधी नुसतं पारावर बसायला. सासूबाई होत्या तोवर हातातलं काम टाकून दारात यायच्या. त्या गेल्या तेव्हा ह्यांना गल्लीतला एकेक गोटा पाठ झालेला होता. वर बघत बघत तेच मला उजवं-डावं सांगायचे. आणि चिंचेचं वळण आलं की म्हणायचे, "थांब जरा." दारात कोणी नसायचं. मी खटका लावायची आणि त्यांचे हात जोडून होईपर्यंत उभी राहायची.