पेरूच्या बागेतली रांग

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा म्हणून केलेली नाही. कुठल्याही कामाची पहिली खेप त्यांच्याकडे तालमीची असते, आणि खरी वेळ येते तेव्हा ते जुनेजाणते होऊन बसलेले असतात. बहिणीच्या लग्नात त्यांनी आपल्या थोरल्याला, म्हणजे नवरदेवाला, आदल्या दिवशीच घोड्यावर बसवून राहात्याच्या बाजारातून फिरवलं. घोडा कोथिंबिरीच्या ढिगापाशी थांबला तो हलेना. "हे उद्या झालं असतं," म्हणून त्यांनी घोडा बदलला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एका डोळ्यावर फडकं बांधून ते दिवसभर वस्तीवर वावरले आणि संध्याकाळी गव्हाणीत पडले. डॉक्टर पट्टीबद्दल समजावू लागले तर म्हणाले, "झालंय माझं ते."

अशा या तात्यांनी गेल्या उन्हाळ्यात सगळं घर घेऊन मुंबईच्या वाटेवरच्या मोठ्या थीम पार्कला जायचं जाहीर केलं. आम्ही हसलो, पण हसण्यासारखं घरात फारसं काही नव्हतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांची दोन्ही मुलं दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हती. एकाच अंगणात दोन चुली झाल्या होत्या. धाकटा येताना दिसला की थोरला चपला घालून निघायचा. नातवंडांना पार्क हवा होता, तात्यांना दोन्ही मुलं एका गाडीत हवी होती. मला मात्र ते एवढंच म्हणाले, "पाव्हणं, टेन्शन-फ्री ट्रिप करायची हाय. तालीम घ्यावी लागंल."

तालमीला मीही होतो. सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नांगरलेल्या रानातून फिरवण्यात आलं. ज्याला मळमळेल त्याने मोठ्या पाळण्यात बसायचं नाही, असा नियम होता. मळमळलं एकट्या मला. मग गर्दीत कोणी हरवलं तर काय करायचं, याची तालीम म्हणून तात्या स्वतःच उसात जाऊन हरवले आणि तिथे त्यांना झोप लागल्यामुळे खरोखरच सापडेनात.

पण त्यांचा सगळा जोर रांगेवर होता. "भांडनं पाळन्यात हुत न्हाईत, रांगेत हुत्यात," असं त्यांचं ठाम मत. शिर्डी हाकेच्या अंतरावर असल्याने रांग म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पेरूच्या बागेत झाडाझाडांना दोऱ्या बांधून त्यांनी नागमोडी रांग आखली. सगळ्यात पुढे थोरला, सगळ्यात मागे धाकटा. मला वाटलं, बरं केलं, लांब ठेवलं. पण नागमोडी रांगेत पुढचा आणि मागचा वळणावळणाला समोरासमोर येतात, मध्ये फक्त दोरी.

पहिल्या वेळी दोघांनी पेरू न्याहाळले. पुढच्या वेळी दोघांनी मोबाईल काढले; त्या बागेत रेंज येत नाही. पोरं उन्हाने कावली.

"तात्या, बास की आता," माझी बहीण म्हणाली.

"खरी रांग यापरीस मोठी असती," म्हणून तात्यांनी आणखी एक फेरी लावली. त्या फेरीत धाकटा थोरल्यासमोर आला आणि दोरीकडे बघत म्हणाला, "दादा, ही गाठ सुटाया लागलीय."

थोरल्याने गाठ बघितली. "धर मग तिकडून."

एका गाठीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्यांना ती आवळायला लागला. बहिणीने डोळ्यांना पदर लावला आणि ऊन लागतंय म्हणाली. तात्या म्हणाले, "चला, पुढं सरका."

ट्रिप एकाच गाडीतून झाली. पार्कात तात्या प्रत्येक रांगेत सगळ्यांबरोबर उभे राहिले आणि पाळण्यापाशी पोचलं की बाजूच्या फाटकाने बाहेर पडून बाकावर पिशव्या सांभाळत बसले. वर दोघे भाऊ एकमेकांना धरून ओरडत होते.

परवा वस्तीवर गेलो. चुली अजून दोनच आहेत. तात्यांच्या हातात आता काठी आली आहे. बागेतल्या दोऱ्या तशाच आहेत आणि त्यांवर दोन्ही घरांचं धुणं एकत्र वाळत होतं. मी विचारलं, "तात्या, तुम्ही त्या दिवशी एकदाही पाळण्यात का बसला नाहीत?"

"मी नसल्यावर ह्यांचं कसं चालंल, त्याची तालीम हुती ती," ते सहज म्हणाले.

मी विचारलं, "मग, जमली का?"

तात्यांनी धुण्याकडे बघितलं. "पहिल्या खेपंला बरी झाली," ते म्हणाले. "अजून लई घ्याव्या लागत्याल."