सुनेनं आणलेले बूट

वरठीच्या लीलाबाईंची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. अधूनमधून अंगातून वाफ निघाल्यासारखं होई, घाम फुटे, झोप मोडे. तपासणीत बीपीही वाढलेला निघाला आणि गोळी सुरू झाली. त्यानंतर लगेच सून भावना त्यांच्यासाठी बूट घेऊन आली. समाजमंदिरात रत्नमालाताई संध्याकाळी बायकांचा व्यायाम घेतात, तुम्ही जायचं, म्हणाली.

लीलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःला चप्पल घ्यायला मागेपुढे पाहणारी ही सून सासूला बूट कशी आणते? गुडघा दुखतो म्हटलं, तर म्हणाली, हळू करा, पण जा. लीलाबाईंचा नवरा परसराम एरवी चहासाठी हाका मारून जीव खायचा. तोही म्हणाला, माझा मी करून घेतो. दोघं मिळालेले दिसतात, असं लीलाबाईंनी ताडलं. शिवाय त्या आत आल्या की भावना फोन ठेवायची.

त्या जात राहिल्या. बायकांसोबत गाण्यावर पाय उचलायच्या, समोरच्या मैदानाला भरभर फेऱ्या मारायच्या, पण चित्त घराकडे. एक दिवस कोणाला न सांगता मधूनच निघाल्या आणि दबक्या पावलांनी घरी आल्या. भावना स्वयंपाकघरात पाठमोरी, फोन कानाला.

"निघून गेल्या? चक्कर तं नाही आली? मी विचारते म्हणून त्यायले सांगू नका, ताई."

"मले घराबाहेर काढून काय करून राहिली तू?" लीलाबाई दारातूनच म्हणाल्या.

भावनानं फोन ठेवला. ती सासूकडे वळली.

"माह्या मायलेही असाच घाम यायचा, आई. दिवसभर वावरात राबतो, मले कायले पाहिजे व्यायाम, म्हणे. बीपी कोणाले दाखवलाच नाही. धानाची रोवणी करता करता बांधीतल्या चिखलात बसली, ते उठलीच नाही. तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही भेल्या असत्या."

विहीणबाई शेतात वारल्या, एवढंच लीलाबाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी परसरामला वेगळं गाठून विचारलं. त्यानंही तेच सांगितलं.

काही महिन्यांनी स्टेशनचा जिना त्या न थांबता चढू लागल्या. बीपी उतरला, गोळी मात्र डॉक्टरांनी बंद केली नाही. वाफा अजून येतात, पण झोप लागते. आता त्या भावनालाही सोबत नेतात. पहिल्याच दिवशी ती धापा टाकत भिंतीला टेकली. लीलाबाईंनी तिला संशयानं न्याहाळलं आणि दुसऱ्या दिवशी बीपी मोजायला घेऊन गेल्या.