भावाच्या बेकरीतली मधली काच

नागपुरातून इंटिरियरचा डिप्लोमा करून आले, तेव्हा पहिलं काम मिळालं ते मोठ्या भावाच्या बेकरीचं. हैदराबादच्या एका बेकरीत बरीच वर्षं राबून तो अहेरीला परतला होता. बसस्टँडजवळ त्यानं एक चिंचोळा गाळा घेतला. बसून खायला जागा नव्हतीच; गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहून पाव, खारी, क्रीमरोल बांधून घ्यायचे नि निघायचं. मी काउंटर बुटका ठेवला, म्हणजे लेकरांनाही आतलं दिसेल. पावाच्या फळ्यांवर पिवळे दिवे लावले. पहिल्याच बाजाराच्या दिवशी फळ्या रिकाम्या झाल्या.

"तुया दिव्यानं पाव इकला," भाऊ म्हणाला.

हिवाळ्यात त्याला खोकला लागला. आम्ही थंडीवर ढकललं. मग मैद्याचं पोतं उघडलं की त्याची छाती वाजू लागली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पिठाचीच अॅलर्जी आहे. वर्षानुवर्षं पिठात काम करणाऱ्यांना होते कधी कधी. औषध देतो, पण पिठापासून दूर राहा."

"बेकरीवाल्यानं पिठापासून दूर?" भाऊ हसला, आणि हसतानाच त्याला दम लागला.

मला येत होतं ते मी केलं. भट्टी आणि पीठ मळायची जागा मागे घेऊन मध्ये काचेची भिंत घातली, मागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. वहिनी आत मळायची, भाऊ काउंटरवर. पण गाळाच तेवढा! ट्रे घेऊन ती दार उघडायची, की तिच्या केसांतून, पदरातून पीठ बाहेर यायचंच. मी त्या दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला. आठवडाभरात भाऊ सुटे पैसे देता देता काउंटरमागे खाली बसला. ओठ निळे पडले होते. ऑटोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी नुसती त्याच्या नावानं हाका मारत होते.

दवाखान्यातून आल्यावर मी पुन्हा टेप घेऊन गाळ्यात जायला निघाले. काउंटर पार पायरीवर आणता येईल का, ते बघायचं होतं.

"आता काई ठोकू नको," भाऊ म्हणाला. "काऊन जीव काढून राह्यली? हे तुया हातचं नाई."

"मग काय करू?"

त्यानं टेप माझ्या हातातून काढून घेतली.

आता बेकरी वहिनीच चालवते. भाऊ घरीच असतो. ती आली की आधी मागच्या न्हाणीत डोक्यावरून अंघोळ करते, कपडे बदलते, मगच त्याच्याजवळ बसते. परवा त्यानं विचारलं, "पाव कसा फुगून राह्यला?"

"बरा," ती म्हणाली.

"मीठ जपून टाकत जा, जास्त झालं तं फुगत नाई."

तिनं मान हलवली.