भुंडा हात

मास्टर्सला माझा दोन ठिकाणी नंबर लागला आणि आठ दिवसांत एक जागा पक्की करायची होती. मी ऑक्युपेशनल थेरपीवाली. दौंडमध्ये हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हंजी मालिश?" मालिश नव्हे हो! दुखापतीनं अडलेल्या माणसाला पुन्हा भाकरी थापता यावी, शर्टाचं बटण लावता यावं, हे आमचं काम. एक कॉलेज मुंबईचं, फक्त हाताच्या उपचारांचं, नाव मोठं. दुसरं विदर्भातलं, साधं. तिथं पेशंटच्या घरी जाऊन शिकवतात. रांजणगावला कंपनीत असलेला माझा भाऊ शिरूरहून फोनवर म्हणाला, "यात इचार कसला करायचा? मुंबई!" मलाही तेच वाटत होतं. हातातलं आपल्याला फार कळतं, असा माझा तोराच होता.

तोऱ्याला कारण माझी अम्मी. ती बांगड्या भरते. दौंडच्या बाजारात तिची बैठक आहे. समोर आलेला हात नुसता धरला की माप सांगते. "सैल सोड गं, मी काय कापून नेती व्हय?" म्हणत अंगठ्याचं हाड असं दाबते की घट्टातली घट्ट बांगडी बाईला कळायच्या आत मनगटावर. मी हे बघतच मोठी झाले. इतके हात कुठल्या प्रोफेसरनं धरले असतील?

त्याच आठवड्यात भांडगावची एक बाई मी काम करते त्या दवाखान्यात पुन्हा तपासून घ्यायला आली. कडबाकुट्टीच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची बोटं सापडली होती. टाके सुकले, पण बोटं आत वळायला लागली होती. म्हणून मी कोपराखालपासून बोटांपर्यंत प्लास्टिकची पट्टी करून दिली होती, दिवसरात्र घालायला. हिरव्या बांगड्या आड येत होत्या, त्या घरी काढून ठेवा म्हटलं होतं. आता तिनं ती पट्टी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. कोरी करकरीत! बोटं आणखी वळलेली. माझं डोकंच फिरलं. "हात नकोय का तुम्हाला?" मी सगळ्यांसमोर ओरडले. तिनं पट्टी पुन्हा पिशवीत टाकली आणि मान खाली घालून गेली.

घरी येऊन अम्मीला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "नवरा जित्ता असलेल्या बाईला तू हात भुंडा कर म्हनलीस? बांगडीवालीच्या पोटची ना तू? तिची सासू काय म्हनली असंल?" ज्या समजुतीवर आमचं घर जेवलं, तीच मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं भांडगावला गेलो. अम्मीनं ओसरीवर बसून बाईचा सुजलेला हात मांडीवर घेतला. खोबरेल लावून, गप्पा मारत, तिनं एकेक बांगडी उतरवली आणि तिच्याच डाव्या हातात भरली. एकही पिचली नाही, बाई एकदाही कण्हली नाही. मग मला पट्टी चढवायला लावली आणि आपल्या पिशवीतून आणलेलं हिरव्या मिन्याचं एक मोठं कडं पेच उघडून त्या पट्टीवर बसवलं.

"ह्ये पट्टीवरच बसतंय," अम्मी म्हणाली. "पट्टी काढलीस की कडं गळून पडंल. मंग हात भुंडा झाला तर मला सांगू नगं, बाय!"

सासूसुद्धा हसली. मी भिंतीला टेकून बघत होते. अभिमानानं ऊर भरून आला, आणि लाज वाटली ती वेगळीच. डिग्री माझी आणि इलाज तिचा!

दोन दिवसांनी ती बाई कडं मिरवत दवाखान्यात आली. पट्टी हातावरच होती. आठव्या दिवशी मी विदर्भातली जागा पक्की केली. भावानं फोनवर मनसोक्त झापलं.

संध्याकाळी अम्मीनं विचारलं, "एवढं मोठं कालेज का सोडलंस?"

"हात कळतो गं मला. ज्या बाईचा हात, ती कळत न्हाई. त्ये घरी गेल्याबिगर कळायचं न्हाई."

"हात कळतो व्हय?" तिनं आपला उजवा हात माझ्यापुढं केला. "मंग ह्यो बघ. अंगठा दोन वर्सं दुखतोय."

मी तो धरला. अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलं होतं, बायकांचे हात दाबून दाबून. त्याच हातानं ती रोज सकाळी मला डबा द्यायची. मी डबा घ्यायचे आणि निघायचे.