हवेचं माप आणि मुल्ला सर

मुल्ला सर मला प्रथम दिसले ते बशीतल्या चहावर फुंकर मारताना. साताऱ्याच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत मी नुकतीच रुजू झाले होते. सर मुलांना सांगत होते, की फुंकर जेवढी जोराची तेवढा चहा लवकर निवतो. इंजिनात शिरणारी हवा मोजणारी तापलेली तारही तशीच निवते. तिला गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून हवा कळते आणि इंधन किती सोडायचं ते ठरतं. मला मात्र त्यांनी चहा विचारला नाही, हे इथे नमूद करते.

सरांचा हात बसलेला जुन्या जीपगाड्यांवर. त्यांच्या एअर फिल्टरला तेल लागायचं, आणि ती सवय सरांच्या अंगात मुरलेली. निवृत्तीनंतर मिरजेच्या एका रुग्णालयाच्या ॲम्ब्युलन्सचा, खरं तर कोरडाच बसवायचा, फिल्टरही त्यांनी सवयीनं तेल लावून बसवला. पुढे गाडी चढाला दम टाकू लागली. चालक बंडगर डिझेल विकून रॉकेल घालतात, असा रुग्णालयात बोभाटा झाला. जत भागातला हा सरळ माणूस. नोकरी जायची वेळ आली, तेव्हा गाडी घेऊन सरांच्या घरी आला. मी तेव्हा तिथंच होते.

सरांनी हवा मोजणारा सेन्सर काढला. फिल्टरचं तेल उडून तारेवर त्याचा थर बसला होता. त्यामुळे हवा कमी मोजली जायची आणि इंधनही कमी सुटायचं. तार साफ झाली, गाडी ओढू लागली. चूक आपली, ती रुग्णालयात जाऊन सांगतो, असं सर म्हणाले. बंडगर म्हणाले, "आवं सर, तुमी कशाला नाव घालवताय? सेन्सर बिघडलाता म्हनू."

"नुसती गाडी सुधारली तर लोक म्हणतील, पकडल्यावर चोरी थांबवली," सर म्हणाले.

हट्टी माणूस! त्याच दिवशी मिरजेला गेले, आम्हालाही नेलं. कार्यालयात सगळ्या चालकांना बोलवायला लावलं आणि उभ्यानंच सांगितलं, "फिल्टरला तेल मी लावलं. चूक माझी. या माणसाचं डिझेल चोख आहे." बंडगर भिंतीकडे तोंड करून रडले. मलाही राहवलं नाही. त्यांची नोकरी टिकली.

सरांची पंच्याहत्तरी पूर्ण होत आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आळ आलेल्या माणसानं हक्कानं जावं, असं घर आमच्या माहितीत हे एकच आहे.