कानपिळीची सायकल

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्यावर मी वर्षभर डूख धरून होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

लग्नाच्या दिवशी हा गृहस्थ जानोशात, म्हणजे वऱ्हाडी उतरले होते त्या धर्मशाळेत, रुसून बसला. सायकल पाहिजे. त्याशिवाय मांडवात पाय ठेवणार नाही. नांदगाव पेठेजवळ आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा. नवी सायकल त्या मळ्याच्या आवाक्यातली नव्हती. मुहूर्त टळायला आला तेव्हा बाबांनी डोक्यावरचं पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवलं आणि माझी सायकल त्याला देऊन टाकली. रोज पहाटे शेवंतीची टोपली कॅरिअरला बांधून मी जिच्यावरून अमरावतीच्या बाजारात आणि तिथून शाळेत जायचो, ती सायकल. मला कोणी विचारलंही नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्या शांतीपुढे साळ्याची सायकल ती काय!

त्यावर कडी झाली कानपिळीची. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवऱ्यानं त्याला आहेर द्यायचा, ही आपली रीत. मी पुढे झालो तर त्याचा काका म्हणाला, "आमच्या पोराच्या कानाले हात नको लावू. आधीच उशीर झाला." भटजींनीही मान डोलावली. सायकल गेली ती गेली, कानही हातचा गेला.

पुढच्या वर्षी चैत्र सरता सरता तो आमच्याकडे पाहुणा आला. बाई, म्हणजे माझी बहीण, बैलांच्या दमणीत, आणि हा पुढे माझ्या सायकलवर, घंटी वाजवत. हँडल वाकडं झालेलं, साखळी कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सायकलनं कौंडण्यपूरला जायचं असं त्यानं जेवताना जाहीर केलं. दमणीच्या पुढेमागे रमतगमत सायकल हाकणारा माणूस वर्धेच्या काठानं सहल काढणार होता. सोबतीला मला जुंपलं. मी मित्राची सायकल मागून आणली.

सकाळी चुलीपाशी बाई भाकरी थापत हळूच म्हणाली, "जातानी वारा पाठीशी राहीन, येतानी तोंडावर. त्याइले सांगू नको."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"अन् शिदोरी तुह्याच सायकलले बांध," ती म्हणाली. "बाबाचं पागोटं मी बी पाह्यलं होतं."

जाताना पश्चिमेचा वारा असा लागला की पायडल मारायची गरजच नव्हती. भाऊजींचा कोट मागून फुगला होता. "पाह्य, याले म्हंतात मांड्या!" असं त्यांनी मला दोनदा तरी ऐकवलं. मी हो म्हटलं. नदीचा काठ लागला, पात्रात पाणी थोडं आणि वाळू फार. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिच्या भावानं पाठलाग केला तर जावयानं त्याची अर्धी मिशी उतरवली, असं आमच्याकडे सांगतात. देवळात हात जोडताना मला देवापेक्षा त्या भावाचीच जास्त आठवण आली.

परतीला वाऱ्यानं तोंड दाखवलं. नदीतली वाळू उडून सरळ डोळ्यांत. भाऊजींनी उन्हासाठी छत्री उघडली, ती उलटी झाली. धोतराचा सोगा साखळीत गेला आणि तिथंच फाटला. थोडं पुढे जाऊन ते उतरले, सायकल बाभळीला टेकवली आणि सावलीत फतकल मारून बसले.

"मी काई आता उठत नाई. कुठूनबी बैलबंडी आन."

पुन्हा रुसवा! मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी समोरच्या बाभळीखाली बसलो, शिदोरी सोडली आणि भाकरीवर ठेचा घेऊन सावकाश खायला लागलो. पाणी नदीत होतं, मी काही राक्षस नव्हतो. भाकरी मात्र माझ्या मांडीवर होती.

"रुसले काय भाऊजी? रुसा. इथं मांडव नाई अन् माह्याजवळ पागोटंबी नाई."

सावली सरकली तसे तेही सरकले. शेवटी म्हणाले, "भाकर दे ना लेका."

"कानपिळी राह्यली हाये माही."

ते हसले. मी हसत नाही हे पाहिल्यावर म्हणाले, "अन् आहेर?"

"थे काय, बाभळीले टेकून उभी हाये."

नाक दाबलं की तोंड उघडतं. मग त्यांनी टोपी काढली आणि कान पुढे केला. मी पिळला. रीतीपुरता नाही, वर्षभराचा हिशेब चुकता होईपर्यंत पिळला. मग भाकरी दिली, ठेचाही दिला.

घरी आलो तेव्हा मी माझ्या सायकलवर पुढे आणि ते मित्राच्या सायकलवर मागे, एक कान लालभडक. बाबा घाबरले. "हे काय? त्याइची सायकल त्याइले दे आधी."

"राहू द्या मामाजी," भाऊजी म्हणाले. "कानपिळीचा आहेर हाये. थो वापस घेत नसते." एवढी एक रीत त्यांनी पाळली. बाई पदर तोंडाशी धरून आत पळाली.

खूप वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात नवरदेव जानोशात रुसला. त्याला फटफटी हवी होती. भाऊजी टोपी हातात घेऊन दारात उभे होते, बाबा उभे होते तसेच. मी पान जमवत बसलो होतो, बसूनच राहिलो. मनाची तृप्ती होईपर्यंत पाहिलं.

बाई जवळ आली. तिच्याही डोळ्यांत दया नव्हती, पण पोर तिची होती. "पाहून झालं असन तं उठ," ती म्हणाली. "अन् त्या पोराले बाहेर घेऊन ये."

मी उठलो. भाऊजींच्या जवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप कानावर गेला.